रुग्णखोलीत फ्रीज कसा बसवावा

रुग्णालयाचा आराखडा काढताना फ्रीजचा विचार सर्वांत शेवटी करावा. खाट, कपाट, नातेवाइकाचा बाक आणि भिंतीवरचा टीव्ही यांची सोय लागल्यावर जो कोनाडा उरेल, तोच फ्रीजचा समजावा. त्याचे दार निम्मे उघडताच खाटेच्या चाकाला अडले पाहिजे, म्हणजे आतली वस्तू चाचपून ओळखण्याची सवय लागते. पुष्कळ छोट्या फ्रीजची बिजागरी दुसऱ्या बाजूला बसवता येते आणि तसे माहितीपत्रकात छापलेलेही असते. परंतु एवढ्या लहान अक्षरांसाठी वास्तुविशारदाचे डोळे कशाला शिणवायचे?

उंची जमिनीलगतचीच असावी, कारण पोटाला टाके असलेल्या माणसाला वाकायला कोणी तरी लावलेच पाहिजे.

खडखडणारा फ्रीज रुग्णाच्या उशाशी ठेवावा. रुग्णकक्षातील आवाज रात्री सरासरी ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचवले आहे. पण ती सूचना झोपणाऱ्यांसाठी असावी. कॉम्प्रेसरविना चालणारे, जवळजवळ निःशब्द असे शोषण पद्धतीचे फ्रीज हॉटेलांच्या खोल्यांत असतात. (तेही कोंदट कपाटात नीट गार करत नाहीत, हे मान्य, पण कपाटाला मागून झरोका ठेवण्यास कोणाची मनाई आहे?)

फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवू नये. आकडा दिसला की लोक प्रश्न विचारतात.

आता विजेची जोडणी. खोलीतील जे सॉकेट जनरेटरवर चालते ते फ्रीजला कदापि देऊ नये, आणि साधे सॉकेट देतानाही त्याचे बटण दाराजवळच्या दिव्यांच्या बटणांमध्येच बसवावे. वर कोणतीही चिठ्ठी लावू नये. गेल्या महिन्यात माझे वडील नऊ दिवस अशाच एका खोलीत होते. दुसऱ्या रात्री मावशींनी जाता जाता सगळी बटणे बंद केली, ज्यात त्यांची काहीच चूक नव्हती, आणि पहाटे उठून पाहतो तो फ्रीजखाली पाण्याचे थारोळे आणि आत वडिलांची इन्शुलिनची दोन नवी पेने कोमट. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, एवढे मला ठाऊक होते. फ्रीजच्या आत १ ते ७ आकड्यांची एक चकती होती. मी ती ७ वर नेली, सात अंश म्हणून. त्या आकड्यांचा अंशांशी संबंध नसतो, आकडा वाढला की थंडी वाढते, हे मला दुसऱ्या सकाळी कळले, तेव्हा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली नवीन आणलेली पेनेसुद्धा बर्फाला चिकटली होती. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी वापरता येत नाही, तेही फेकले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “हा फ्रीज फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी आहे, औषधे आमच्याकडे द्यायची असतात.” त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. फक्त ते त्या दारावर, त्या खोलीत किंवा भरतीच्या वेळी आमच्याकडून सह्या घेतलेल्या एकाही कागदावर लिहिलेले नव्हते.

चार शब्दांची चिठ्ठी लावायला काय लागते हो? एक स्वतंत्र सॉकेट, एक थर्मामीटर आणि बटणावर एक चिकटपट्टी एवढेही तुमच्याने होत नसेल, तर खोलीत फ्रीज ठेवूच नका. परिचारिका कक्षात एक मोठा, कुलपाचा, तापमानाची नोंद होणारा फ्रीज औषधांसाठी ठेवा आणि खाण्यासाठी वेगळा. फ्रीज आहे असे सांगून खोलीचे भाडे वाढवता, तर तो कोणी पुसायचा, कोणी रिकामा करायचा हेही ठरवा. आमच्या आधीच्या रुग्णाचा, झाकणावर नाव लिहिलेला एक डबा खालच्या कप्प्यात होता. तो कोणी काढायचा, हे मी तीन वेळा विचारले. आम्ही घरी निघालो तेव्हाही तो तिथेच होता.