आत्ता, आत्ता!

हॉटेलच्या बिलाची शेवटची ओळ अशी होती : चादर, नग १, रुपये ४००. खोली, जेवण, गरम पाण्याच्या बादल्या, सगळं मान्य. पण चादरीवरचं रक्त माझं होतं. म्हणजे रक्तही मीच द्यायचं आणि त्याचा दंडही मीच भरायचा. मॅनेजर म्हणाला, "डाग जाणार नाही सर." मी म्हटलं, "माझ्या पायावरचाही जाणार नाही, त्याचे तुम्ही किती देता?" त्याने पावती फाडून हातात दिली.

तमिळनाडूतल्या वाल्पाराईला, डोंगरातल्या चहाच्या गावाला, आम्ही प्राणी बघायला गेलो होतो. पोल्लाचीहून वर चढताना रस्त्याला चाळीस वळणं लागतात, प्रत्येकावर नंबर टाकलेला. नवव्या वळणाशी कठड्यावर निलगिरी ताहर, म्हणजे डोंगरातले रानबोकड, उभे असतात म्हणे. आमच्या लेकीला सातव्यापासूनच मळमळायला लागलं, त्यामुळे नवव्या वळणावर अख्खं कुटुंब प्लॅस्टिकच्या पिशवीभोवती गोळा झालं होतं. तिथे हत्ती जवळपास आले की गावकऱ्यांच्या मोबाईलवर संदेश जातो आणि उंच खांबावरचे लाल दिवे लागतात. सोय उत्तम आहे. आम्ही दोन संध्याकाळी त्या दिव्याकडे टक लावून बसलो. दिवा लागला नाही. चहाच्या मळ्यात गवा दिसला खरा, पण त्याची पाठ आमच्याकडे होती आणि त्याने ती शेवटपर्यंत वळवली नाही.

राहता राहिली पुदुथोट्टमच्या मळ्याजवळची सिंहपुच्छ माकडं. (पुस्तकांत 'सिंहपुच्छ वानर' छापतात. ते चूक. गालात खाऊ कोंबायची पिशवी असते ते माकड. वानराला ती नसते.) सप्टेंबरची भुरभुर चालू होती. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, आम्ही गवतात उतरलो आणि तो एकदम ओरडला, "अट्टै! अट्टै!"

"बघा, मराठी येतं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता म्हणतोय. आत्ता दिसतील."

आम्ही सगळे माना वर करून झाडांकडे बघत राहिलो. तो "अट्टै, अट्टै" करत आमच्या पायांकडे बोट दाखवत होता आणि आम्ही त्याला "हो हो, आत्ता, आत्ता" म्हणत होतो. तमिळमध्ये अट्टै म्हणजे जळू, हे आम्हाला पाचएक मिनिटांनी कळलं. जळवांना तेवढी पुरतात.

ही डोंगरातली जळू पाण्यात राहत नाही. पालापाचोळ्यात मागच्या टोकावर उभी राहते आणि काडीएवढं अंग हवेत झुलवत वाट बघते. तिला पाच जोड्या डोळे असतात, शिवाय पावलांची धडधड, अंगाची ऊब आणि आपला उच्छ्वास ती ओळखते. थांबलेला माणूस तिला फार आवडतो आणि माकडं बघायला आलेला माणूस थांबतोच. साध्या मोज्याच्या विणीतून ती आरपार आत येते. घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स मिळतात; पँट आत खोचून ते वरून चढवायचे आणि गुडघ्याखाली नाडी आवळायची. आमचे होते. बॅगेत होते. बॅग हॉटेलात होती.

मी पँट वर केली. पोटरीवर एक, घोट्याशी दोन. पहिली दातखिळी बसल्यासारखी चिकटलेली. मी तिच्याखाली नख घालणार तोच मागून आवाज आला, "अहो, ओढू नका! दात आत राहतील!"

मागे माकडटोपीतले एक काका. शेजारी थांबलेल्या बसमधले, आपल्याच मुलखातले.

"ओढत नाहीये काका. नखाने सरकवतोय."

"नख नाही, मीठ!" काकांनी खिशातून मिठाच्या पुड्या काढल्या. रेल्वेच्या जेवणाबरोबर येतात त्या. निदान पंधरा होत्या. माणूस वर्षानुवर्षं साठवत असावा. "आमच्याकडे शेतात मीठच टाकतात."

मी म्हटलं, मीठ, काडेपेटी, तंबाखू यातलं काही चिकटलेल्या जळवेवर टाकायचं नसतं. ती घाबरते आणि पोटातलं आपल्याच जखमेत ओकते. जंतू आत जातात ते असे.

"ओकली तर तुमचंच रक्त तुम्हाला परत मिळेल की!"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात काका खाली वाकून निरखायला लागले. "चांगली टम्म झालीय हो. तुम्ही तक्रार कसली करताय? लोक पैसे मोजून लावून घेतात. सुश्रुतानं लिहून ठेवलंय. अशुद्ध रक्त तेवढंच ओढते."

"सुश्रुताने बारा प्रकार सांगितलेत काका. त्यातले सहा विषारी."

"मग ही कितवी?"

हे विचारताना त्यांनी पुडी फोडलीच. निम्मं मीठ जळवेवर, निम्मं दुपारी करवंदीच्या काट्याने ओरबाडलेल्या गुडघ्यावर. मी जो ओरडलो त्याने जळू नाही, पण अख्खी बस खाली उतरली. मग एकेक सल्ला. चुना लावा. डिझेल लावा. एका बाईंनी परफ्यूम मारला. बायकोने सगळ्यांना बाजूला केलं, पोटरीची कातडी ताणली, जळवेचं निमुळतं टोक शोधलं (तेच तोंड, जाड टोक नुसतं धरायला असतं), त्याखाली नख आडवं सरकवलं, मग जाड टोक सोडवलं आणि टिचकी मारली. दहा सेकंदांचं काम. टिचकी लगेच मारावी लागते, नाहीतर ती बोटाला चिकटते. दुसरीच्या वेळी सासूबाई "जिवंत आहे का बघू" म्हणाल्या, आणि ती त्यांच्या अंगठ्याला.

चावा दुखत नाही. तीन जबड्यांची बारीक तीन पाकळ्यांची खूण तेवढी उरते. पण तिच्या लाळेतलं एक द्रव्य रक्त गोठू देत नाही, त्यामुळे जळू गेली तरी धार तासन्‌तास चालते. साबणाने धुवायचं, पाय उंच ठेवायचा, स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, आणि मिनिटामिनिटाला उचलून बघायचं नाही. मी रात्रभर उचलून बघत होतो. चादरीचं काय झालं ते बिलात आहे.

काका एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहिलंच नसतं. जाता जाता त्यांनी झाडीकडे वेफर्सची अख्खी पुडी भिरकावली. "बिचारी उपाशी असतील." उपाशी नसतात हो. या खाऊच्या नादाने ती झाडावरून रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांखाली येतात. म्हणून तर रस्त्यावरून झाडाझाडांत पूल टांगलेत. जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात उरलेलं जनावर, त्याला वेफर्स! मी हे बोललो. काका म्हणाले, "तुम्ही पायाकडे बघा."

फोटो मात्र त्यांनी पाठवला, तेवढं मानलं पाहिजे. वर टांगता पूल, त्यावर ओळीने चाललेली पाच माकडं, आयाळीचा केसन्‌केस स्पष्ट, शेवटच्या पिल्लाच्या शेपटीचा गोंडासुद्धा. खाली मी ओणवा, पँट गुडघ्यावर, भोवती कुटुंब आणि अर्धी बस. एकाचीही मान वर नाही.