साहेब, डेटा खुला करताय? मग हे वाचाच

वरनं आदेश आलाय म्हणे, सरकारी डेटा लोकांना खुला करा, पोरं त्यातनं इनोव्हेशन करतील. घाबरू नका साहेब. मी आत्ताच ह्यातनं गेलोय, त्यामुळं चार युक्त्या फुकटात सांगतो.

आकडे एक्सेलमध्ये असले तर आधी प्रिंट काढा, त्यावर गोल शिक्का हाणा, मग ती जरा तिरकी ठेवून स्कॅन करा आणि पीडीएफ चढवा. झाला खुला!

मराठी मजकूर जुन्या फॉन्टातच ठेवा, कॉपी केला की नुसता कचरा पडला पाहिजे.

हॅकेथॉन घ्या, म्हणजे पोरांची प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा. फ्लेक्स मोठा लावा.

पुराचे आकडे मात्र जिवात जीव असेपर्यंत सोडू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगं पण सांगतंय, पण जुने आकडे कोण मागायला आलं की लगेच विचारा, "तुम्हाला कशाला पाहिजेत? पत्रकार आहे काय?" मला हेच विचारलं. आता माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) म्हणतंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही, पण कायदा 2005 चा, एवढ्यात कुठं वाचून होतोय! मी मागितलं काय तर 2019 आणि 2021 च्या पुरातली पाणीपातळी, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, विसर्ग किती होता, सगळं एका तक्त्यात, म्हणजे किती फुटाला सुतारवाड्यात पाणी शिरतंय, किती फुटाला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, हे माणसाला मोबाइलवर आधी कळंल आणि तो फ्रिज तरी वर चढवंल. तर समोर कॉम्प्युटरवर एक्सेल उघडं दिसतंय, तारखा सरळ, रकाने सरळ, आणि माझ्या हातात काय, झेरॉक्स! तीही अशी पुसट की 3 आणि 8 मधला फरक देवाला ठाऊक. अहो, त्याच कायद्यात फ्लॉपीवर माहिती द्यायची सोय लिहिलीय. फ्लॉपी! तुम्ही अजून तिथपर्यंत पण आला न्हाईसा.

आता चेष्टा बास. केंद्राचं डेटा द्यायचं धोरण 2012 चं आहे, माहिती मशीनला वाचता येईल अशी द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मोजणी आमच्या पैशानं, पाणी आमच्या घरात, आणि आकडे तुमच्या कपाटात? चिखल काय तुम्ही येऊन काढला होता? पोरांनी इनोव्हेशन करावं म्हणून भाषणं ठोकता आणि एक फाइल द्यायला हात थरथरतात तुमचे. पेन ड्राइव्ह मी खिशातनं काढून दिला होता की, तर म्हणे व्हायरस येईल. मग मेल करा! आयडी अर्जावर लिहिलाय, वाचा तेवढा तरी.