असू दे, लागेल कधीतरी

बुडापेस्टला गेलेल्या मराठी ग्रुपमध्ये हमखास दोन तट पडतात. एक तट डॅन्यूबवरच्या क्रूझसाठी स्वेटर बाहेर काढतो. दुसरा तट ‘डोंगराच्या पोटातलं हॉस्पिटल’ बघायला सुती शर्टावर निघतो. स्वेटर नेमका चुकीच्या तटाकडे असतो. जुलैत क्रूझवर घाम पुसावा लागतो, आणि बुडाच्या किल्ल्याखालच्या ‘सिक्लाकोरहाझ’मध्ये, म्हणजे खडकातल्या हॉस्पिटलात, बारा महिने १५ ते १८ अंश. दाराशी पाहुण्यांसाठी कोट ठेवलेले असतात, ते निमूट घ्यावेत. “मला नाही बुवा थंडी वाजत” म्हणणारे काका विसाव्या मिनिटाला काकूंच्या शालीवर हक्क सांगू लागतात.

पण आधी तिथे पोचायला हवं. देआक चौकातून १६ नंबरची बस टेकडीवर जाते. वर उतरल्यावर सगळी दुनिया मात्याश चर्चकडे वळते. आपण चर्चकडे पाठ करून किल्ल्याच्या पश्चिमेच्या तटबंदीवर यायचं. तिथल्या झाडीतल्या रस्त्याचं नाव तोत आर्पाद शेतान्य. घाबरू नका, ‘शेतान्य’ म्हणजे फिरायची वाट. तिथून पायऱ्या उतरल्या की लोवाश ऊत, आणि रस्त्याकडेच्या भिंतीतच हॉस्पिटलचं दार. घोटाळा होतो तो वरच. ‘जमिनीखाली’ एवढाच शब्द लक्षात ठेवलेले लोक जवळच्याच ‘लाबिरिंथ’ नावाच्या भुयाराचं तिकीट काढतात आणि अंधारात ऑपरेशन थिएटर शोधत बसतात. आणखी एक: हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतात. तिकिटाच्या आकड्यावरची शून्यं मोजताना छातीत धडधडलं, तर हॉस्पिटलच्या दारातच आहात.

आत एकट्याने हिंडता येत नाही. गाइडबरोबर तासाभराची फेरी, आणि फोटो बंद. हे दुसरं कलम आपल्या माणसाला थंडीपेक्षा जास्त लागतं. स्टेटसला काय टाकायचं, या काळजीत पहिल्या दोन खोल्या जातात. माझं विचाराल तर ही बंदी वरदान आहे, कारण हात मोकळे राहिले की डोळे बघायला लागतात. फेरीआधी बाथरूमला जाऊन यावं, हे मात्र मी प्रत्येकाला बजावतो. शस्त्रक्रियेचा प्रसंग मांडलेले मेणाचे पुतळे समोर असताना “हो, पण इथे टॉयलेट कुठे?” हा प्रश्न शोभत नाही.

टेकडीखाली मुळात नैसर्गिक गुहा होत्या. घराघरांतून खणलेल्या तळघरांनी त्या जोडल्या गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांतच हॉस्पिटल उभं राहिलं. ते सुरू झालं फेब्रुवारी १९४४ मध्ये. सोय साठ-सत्तर रुग्णांची. डिसेंबरअखेर सोव्हिएत सैन्याने शहराला वेढा घातला, तो संपला १३ फेब्रुवारी १९४५ ला. या काळात आत सहाशेच्या आसपास जखमी होते. वॉर्डातल्या अरुंद खाटा बघून लोक “केवढ्याशा!” म्हणतात, पण त्या खाटेवर एकटं झोपायला मिळणं ही तेव्हा चैन होती. स्वस्थ पडलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता सोडतो. असे सहाशे बल्ब बंद गुहेत लावा, त्यात ओल आणि जखमांचा वास मिसळा. आज जिथे कोट लागतो, तिथेच तेव्हा श्वास कोंडत होता. बँडेज संपली. मग मेलेल्यांच्या अंगावरची सोडवून, निर्जंतुक करून, जिवंतांना बांधली. प्रेतं बाहेर नेऊन बॉम्बने पडलेल्या खड्ड्यांत पुरली. इथे ग्रुपमधला बोलका मेंबरही गप्प होतो.

सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावातले जखमीही इथे आले. त्यानंतर मात्र या जागेने वेगळंच वळण घेतलं, आणि मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. १९५८ ते १९६२ या काळात हॉस्पिटल वाढवून अणुहल्ल्यासाठी सज्ज केलं गेलं. इथून पुढे ग्रुपमधले निवृत्त इंजिनिअर गाइडचा ताबा घेतात. तो घेऊ द्यावा, कारण समजण्यासारखं बरंच आहे.

दारांच्या कडेची रबरी पट्टी बघा. कुकरची रिंगच ती. तत्त्वही कुकरचं: आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फट राहिलीच तर आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत शिरणार नाही. लागोपाठची दोन दारं एका वेळी उघडायची नाहीत. उघडली की दाब गेला. बाहेरची हवा आधी धूळ अडवणाऱ्या गाळण्यांतून आणि मग कोळशातून येते, कारण किरणोत्सारी धूळ कोळशाचं ऐकत नाही आणि विषारी वायू धुळीच्या गाळणीला जुमानत नाही. बाहेरून येणाऱ्याने कपडे उतरवून तिथेच टाकायचे आणि शॉवरखाली डोक्यापासून पायापर्यंत अंग धुवायचं. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर जे करतात तेच, फक्त साबण सरकारी.

आणि मग? मग काहीच नाही. अणुबॉम्ब आला नाही. पण गोची अशी की न वापरलेली वस्तूच जास्त राबवून घेते. रबर कडक होऊन तडकतं. कोळसा दमट हवेत ओल पिऊन निकामी होतो. डिझेल जुनं होतं, जनरेटर अधूनमधून चालवला नाही तर ऐनवेळी खोकतो. पंखे बंद ठेवले तर गुहेची ओल गाद्यांत उतरते. म्हणून इथे राखणदार ठेवलेले होते आणि जागा गुप्त. न आलेल्या रुग्णांच्या खाटांवरच्या चादरी ठरावीक दिवसांनी बदलल्या जात. २००२ साली गुप्ततेचा शिक्का उठला आणि २००८ मध्ये म्युझियम झालं.

या भागात मराठी बायका सर्वांत रमतात. रांगेने लावलेल्या बाटल्या, डबे, घडीचे कपडे बघून “किती छान ठेवलंय!” असा उद्गार निघतो. निघणारच. आपल्या शोकेसमधला काचेचा टी-सेट याच वर्गातला. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे ब्रीद बुडापेस्टच्या सरकारी खात्याचं आणि दादरच्या माळ्याचं एकच.

बाहेर पडायच्या आधी दुकान लागतं. तिथे जुने गॅस मास्क विकायला असतात आणि प्रत्येक ग्रुपमधला एक जण तो घेतोच. घ्यावा, पण पुढचा गोल डबा काढून टाकून. सोव्हिएत काळातल्या काही मास्कच्या डब्यांत गाळणीसाठी ॲस्बेस्टॉस वापरलेलं असतं, त्यामुळे तो लावून नातवाला घाबरवायचा बेत रद्द करावा. वजनाचं म्हणाल तर नुसता मास्क हलका असतो. विमानतळावर बॅग उघडायला लावतात, तेव्हा वरच्या थरात तो आणि खाली लोणच्याची बरणी एवढं मात्र टाळा. समजावताना फार वेळ जातो.