रशियाचं नाव, चरकाचा दाखला आणि मिल्याची कॅप्सूल

डोंबिवलीला उतरला की मिल्या घरी जायच्या आधी कट्ट्यावर येतो. परवा कटिंग यायच्या आत त्याने बॅगेतून बाटली काढली आणि एक कॅप्सूल घशाखाली ढकलली. अश्वगंधा.

"स्ट्रेसवर आहे. अ‍ॅडॅप्टोजेन म्हणतात, ताणाशी जुळवून घ्यायला शरीराला मदत करणारं."

"म्हणजे साहेब तोच राहणार, तू बदलणार?" नंदूने विचारलं.

मिल्या चिडला. "हसा! पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे. उगाच नाही अमेरिकेत विकलं जात."

सुहासचं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे अशा बाटल्यांचा त्याला रोजचा सराव. तो म्हणाला, "वनस्पती जुनी असेल रे, पण हे अ‍ॅडॅप्टोजेन प्रकरण 1947चं आहे. रशियातलं. लाझारेव्ह म्हणून शास्त्रज्ञ होता, त्याने काढलं. आणि कशावरून? डिबाझोल नावाच्या, चक्क प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधावरून. पुढे ब्रेखमन आला व्लादिवोस्तोकचा. जिनसेंग नावाचं मूळ महाग पडतं म्हणून त्याने सैबेरियातलं एक काटेरी झुडूप धरलं, एल्युथेरोकॉकस. याच माणसाने 1969मध्ये नियम घालून दिले. औषध विषारी नको, कुठल्याही ताणावर चाललं पाहिजे, आणि शरीरात काही वाढलं असेल तर खाली आणायचं, घटलं असेल तर वर न्यायचं."

"थांब थांब," नंदू म्हणाला. "चढलं तर उतरवणार, उतरलं तर चढवणार. मग ते चुकलं हे कळणार कसं?"

माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता, आणि तो बारावीनंतर सायन्सकडे न फिरकलेल्या माणसाने विचारला. युरोपच्या औषध नियामकांनीही 2008मध्ये ही संकल्पना पुरेशी स्पष्ट नाही म्हणून बाजूलाच ठेवली होती.

वैभव बीएएमएस आहे. एवढा वेळ गप्प होता, पण आयुर्वेदाचा विषय असताना तो थोडाच गप्प बसणार?

"रशियाचं रशियाला लखलाभ. चरकाने अश्वगंधा बल्य, म्हणजे बळ देणाऱ्या गणात घातलीय आणि बृंहणीय गणातही. बृंहण म्हणजे पोषण, अंग भरणं. रोडावलेल्या, थकलेल्या माणसाला दूध-तुपाबरोबर द्यायची, तीही त्याचा अग्नी, म्हणजे पचन बघून. मिल्या, तू स्वतःचं पोट बघितलंयस का कधी?"

हशा पिकला. मिल्याने मात्र खरोखर अभ्यास केला होता. त्याने 2012चा प्रयोग काढला: 64 माणसं, 60 दिवस, मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जवळपास 28 टक्क्यांनी उतरलं, औषधच नसलेली गोळी घेणाऱ्यांचं 8 टक्क्यांच्या आसपास. हे काहीच नाही असं म्हणता येणार नाही, मीही तसं म्हणालो.

"पण चौसष्टच माणसं," सुहास म्हणाला. "आणि तो अर्क मोजूनमापून केलेला. तुझ्या बाटलीत तोच आहे कशावरून? चरकाचं चूर्ण तुझ्याकडे नाही, प्रयोगातला अर्क तुझ्याकडे आहे की नाही ठाऊक नाही. पुण्याई मात्र दोघांचीही लेबलवर."

तेवढ्यात काका म्हणाले, "सुनेने मलाही आणून दिलीय. चार दिवस घेतोय."

काकांची थायरॉइडची गोळी सकाळची, कित्येक वर्षं चालू. वैभवचा चेहराच बदलला. "काका, डॉक्टरांना सांगितलंत? अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. वरून तुमची गोळी आहेच. धडधड, हात थरथरणं असलं काही होतंय का?"

"नाही बुवा. पण नैसर्गिक आहे ना ती?"

"कारलंही नैसर्गिकच, पण डायबेटीसच्या गोळ्या खाणारा माणूस त्याचा रस तांब्याभर पिईल का? तूर्त बंद ठेवा, डॉक्टरांना विचारा, रक्त तपासून घ्या."

सुहासला जोर चढला. अश्वगंधा घेऊन आइसलँड आणि अमेरिकेतल्या रुग्णांना कावीळ झाल्याचा 2020चा अहवाल, डेन्मार्कची 2023ची बंदी, सगळं बाहेर आलं. वैभव उखडला. पाच रुग्णांवरून आख्खी वनस्पती मोडीत काढायची? त्यातलेही चौघे बरे झालेले, पाचवा पुढे तपासणीलाच आला नाही! शिवाय मूळ, पान, अर्क सगळं एकाच मापाने कसं मोजता?

मग त्याने आपल्या पिशवीतून मूळ काढलं, मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतल्या मालातलं. बाहेरून मातकट, बोटाएवढं जाड. तटकन मोडलं, आत पांढरं पिठूळ. वास मात्र असा की नंदूने चहाचा ग्लास लांब धरला.

"हे खणून, धुऊन, वाळवून विकायचं म्हणजे मेहनत आहे. पानं फुकटात मिळतात, म्हणून अर्कात पानं ढकलतात. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाला 2021मध्ये सांगावं लागलं. आण ती बाटली."

लेबलवर घोडा होता, योगासन करणारी बाई होती, 'अर्क' असंही छापलं होतं. मुळाचा की पानांचा, ते कुठेच नव्हतं.

"तरी मला झोप लागतेय, त्याचं काय?" मिल्या म्हणाला.

"लागत असेल," वैभव म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? कंपनीला फोन करून विचार, कशाचा अर्क आहे ते. आणि काका, तुमची बाटली उद्या घेऊन या. मागच्या रिपोर्टसकट."