सर, इझीवर खेळताय?

वॉटर प्युरिफायरचा फिल्टर बदलायला आलेल्या माणसाने माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यामागे उभं राहून, आतल्या खोलीत बायकोला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "सर, इझीवर खेळताय?" काम आटोपून, पैसे घेऊन तो गेलासुद्धा. माझा राग अजून गेलेला नाही.

प्रकरण असं. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने २००१ साली 'ओनिमुशा' नावाचा सामुराईंचा गेम काढला. प्लेस्टेशन टूवर दहा लाख प्रती खपलेला तो पहिला गेम. २००६ नंतर मुख्य मालिकेत सामसूम झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अचानक घोषणा आली की नवा भाग येतोय, 'वे ऑफ द स्वोर्ड', नायक जपानचा दंतकथा झालेला तलवारबाज मियामोतो मुसाशी, शहर क्योतो. ते ऐकून माझ्यासारखे चाळिशीतले बरेच लोक ताडकन उठून बसले. उठताना आता सोफ्याला हात टेकावा लागतो, ते सोडा. तयारी म्हणून मी पहिला भाग, म्हणजे त्याची २०१९ ची डागडुजी केलेली आवृत्ती, विकत घेतली आणि शनिवारी मांडी ठोकली.

शनिवार अशासाठी, की प्युरिफायरवाल्यांनी सर्व्हिसची वेळ दिली होती 'सकाळी दहा ते संध्याकाळी सहा'. याला वेळ म्हणत नाहीत, नजरकैद म्हणतात. आठ तास तुम्ही घरात राहायचं, आंघोळ उरकून घ्यायची, फोन हाताशी ठेवायचा, आणि 'टेक्निशियन निघाला आहे' हा मेसेज आल्यावरही दोन तास हलायचं नाही. एरवी कुणी इतकं अडकवून ठेवलं तर आपण पोलिसात जाऊ. इथे आपणच वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतात.

तो आला तेव्हा मी इनाबायामा किल्ल्यात होतो. बायकोने दार उघडलं, "अरे, फिल्टरवाले आलेत, बघतोस का जरा?" म्हणाली आणि कानात हेडफोन घालून पुन्हा कॉलवर गेली. मी "हो" म्हटलं आणि उठलो नाही. किल्ल्यात सेव्ह करायचा आरसा सापडल्याशिवाय उठता येत नाही, हे संसारी माणसाला कसं समजावणार? स्वयंपाकघरातून पाना आपटल्याचे आवाज आले, कॅन्डल काढल्याचे आले, मग तो म्हणाला, "पाणी सोडून ठेवलंय सर, वीस मिनिटं वाहू द्यावं लागतं." आणि त्या वीस मिनिटांत करायला काही नाही म्हणून तो हॉलमध्ये येऊन सोफ्यामागे उभा राहिला.

"ओनिमुशा ना, सर?"

मी दचकलो. ऑफिसात, सोसायटीत, दोन्हीकडच्या नातेवाइकांत हे नाव ठाऊक असलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मेहुण्याला सांगितलं तर त्याने मायलेज विचारलं होतं.

"तुम्हाला माहितीये हा?"

"म्हणजे काय! आमच्या मामाचं गेम पार्लर होतं ना वारज्याला. चार टीव्ही, चार पीएस टू. तासाला वीस रुपये."

पस्तिशीचा असेल. शर्टावर कंपनीचं नाव, एका बोटात टेफ्लॉन टेपची रीळ अंगठीसारखी अडकवलेली, पँट गुडघ्यापर्यंत ओली. पार्लरमध्ये पोरं कुस्ती आणि क्रिकेट खेळायची, याच्यासारखे गोष्टीचे गेम कुणी लावायचं नाही, कारण तासाचे वीस रुपये देऊन किल्ल्यात किल्ली शोधत कोण बसेल? म्हणून हा रात्री, शटर पाडल्यावर, एकटा खेळायचा.

"पण मेमरी कार्ड मामा गल्ल्यात कुलूप लावून ठेवायचा. आठ एमबीचं एकच कार्ड, त्यात गिऱ्हाइकांचे गेम. त्याला हात लावला की कानफटात."

"मग सेव्ह कुठे करायचात?"

"कुठंच नाही. दहाला शटर पाडायचं, पहाटे तीन-साडेतीनपर्यंत गेम संपवायचा. मेलं की पहिल्यापासून."

हे शक्य आहे, हेच त्यातलं भयानक. ओनिमुशाचा पहिला भाग छोटा आहे. वाटा पाठ असल्या तर एका रात्रीत राजकन्या युकीची सुटका करून झोपता येतं. माझ्याकडे तेव्हा कार्ड होतं, कॉलेज होतं, अख्खी सुट्टी होती, आणि तरी मला महिना लागला होता. अशा माणसाला पाठीमागे उभं करून खेळायचं म्हणजे काय, याची कल्पना करा.

"डावीकडं, सर. डावीकडं. नाही, आता कॅमेरा पलीकडून आहे, तुमचं डावं ते त्याचं उजवं."

हा कॅमेरा हा एक स्वतंत्र छळ आहे. मुळात कॅपकॉमच्या डोक्यात होतं की आपला भुताखेतांचा 'रेसिडेंट इव्हिल' यशस्वी झालाय, तोच उचलून सोळाव्या शतकातल्या जपानी किल्ल्यात बसवायचा. आधी तो जुन्या प्लेस्टेशनसाठीच चालला होता, मग टूवर गेला. मागची चित्रं आधीच रंगवून ठेवलेली, त्यामुळे कॅमेरा जिथे खिळवलाय तिथून हलत नाही. खांबाआडून राक्षस येतोय हे कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून आपल्यालाही दिसत नाही; दिसतो तेव्हा त्याची तलवार आपल्या पोटात असते. नव्या आवृत्तीत निदान कंट्रोलरवरची काठी ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला माणूस चालतो. जुन्यात 'वर' दाबलं की तो नाक ज्या दिशेला असेल तिकडे जायचा, एसटी मागे घेतल्यासारखा.

एवढ्यात मी दोन राक्षस मारले. मेल्यावर त्यांच्यातून रंगीत गोळे निघतात: लाल घेतले की शस्त्रं वाढवता येतात, पिवळ्याने जीव भरतो, निळ्याने जादू. हातातल्या ओनी-पंजाने ते वेळेत ओढून घ्यायचे, नाहीतर विरून जातात. मी जरा श्वास घेत होतो.

"आत्मे घ्या, सर! आत्मे घ्या! आत्मे उडून चालले!"

आतून बायको धावत आली. "कुणाचे आत्मे?"

"काही नाही वहिनी, पिवळे होते दोन," तो हळहळून म्हणाला.

"अरे, मी म्यूटवर नव्हते," ती मला म्हणाली. बेंगळुरू, हैदराबाद आणि हॅम्बुर्ग इथल्या लोकांनी तो आक्रोश ऐकला होता. हॅम्बुर्गवाल्याने 'घरी सगळं ठीक आहे ना' असं विचारलं, ते मला नंतर ऐकवण्यात आलं, आणि ते अजून ऐकवलं जातंय.

ती आत गेली आणि त्याच शांततेत त्याने तो प्रश्न विचारला.

"सर, इझीवर खेळताय?"

"का?"

"नाही, हा एवढ्यात मरत नसतो."

मी म्हटलं, वेळ नसतो हो, नोकरी आहे, गोष्ट बघायची असते. तो समजुतीने मान हलवत राहिला. डॉक्टर रिपोर्ट वाचण्याआधी हलवतात तशी. "बरोबर आहे, सर. या नव्यात पहिल्यापासूनच देतात इझी. आमच्या वेळी आधी पुष्कळदा मरायला लागायचं, मग गेमच विचारायचा, सोपं करू का म्हणून. पार्लरमध्ये कुणी हो म्हटलं की पोरं पार रस्त्यापर्यंत हसत जायची."

आमच्या वेळी! माझ्याहून निदान सात-आठ वर्षांनी लहान माणूस मला 'आमच्या वेळी' सांगत होता.

"इस्सेन मारा की एक," तो म्हणाला.

इस्सेन म्हणजे या गेमचा सगळा अहंकार. शत्रू वार करतोय, त्याचं पातं तुमच्या अंगाला लागणार, त्याच्या डोळ्याची पापणी लवेल तेवढ्या अवधीत तुम्ही वार करायचा. जमलं तर तो एका घावात उभा आडवा. आधी दाबलं तर साधा वार, उशीर झाला तर तुम्ही जमिनीवर. माझं बोट दरवेळी एक तर आधी पोचत होतं, नाहीतर मी मेल्यावर.

"तुम्ही घाबरून दाबताय. दाबायचंच नाही. त्याला येऊ द्यायचं." आणि "द्या जरा" असं म्हणून त्याने ओला अंगठा पँटला पुसला आणि कंट्रोलर माझ्या हातातून चक्क काढून घेतला. टेफ्लॉनची रीळ बोटात तशीच. किल्ल्याच्या अंगणात तीन राक्षस होते. सामानोसुके, म्हणजे गेममधला आपला नायक, नुसता उभा राहिला. मी ओरडणार, तेवढ्यात खस्स, एक गेला. पुन्हा नुसता उभा. खस्स. तिसरा बिचकून थांबल्यासारखा वाटला मला.

"बघा, घाई नाही करायची," असं म्हणून त्याने कंट्रोलर परत दिला. अंगठ्याला फिल्टरमधला कोळसा होता. तो डाग बटणावर अजून आहे.

मग त्याने नाक वर करून ऐकलं. "म्युझिक बदललंय."

इथे मात्र मला बोलायला जागा मिळाली. पहिल्या गेमचं संगीत मामोरू सामुरागोची यांच्या नावावर होतं. बहिरा संगीतकार म्हणून जपानभर त्यांचा केवढा उदोउदो. २०१४ मध्ये ताकाशी नीगाकी नावाचे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, अठरा वर्षं ते संगीत मी लिहितोय, आणि या माणसाला ऐकूही येतं. २०१९ च्या आवृत्तीत जुनं संगीत काढून नवंच घातलंय. मी हे जरा रंगवून सांगितलं.

"म्हणजे काम एकाचं, नाव दुसऱ्याचं," तो म्हणाला.

"हो ना!"

"आमच्याकडं पण तेच चालतं, सर. लीकेज मी काढतो, फोटो सुपरवायझर टाकतो ग्रुपवर."

मी विषय नव्या गेमवर आणला. नव्या मुसाशीला चेहरा दिलाय जपानी अभिनेते तोशिरो मिफुनेंचा, ज्यांनी पन्नासच्या दशकात पडद्यावर खुद्द मुसाशी केला होता. ते १९९७ मध्ये वारले. ही त्या घराची जुनी रीत आहे. दुसऱ्या भागात, २००२ साली, नायकाला अभिनेते युसाकू मात्सुदांचा चेहरा होता आणि ते १९८९ मध्येच गेलेले. तिसऱ्यात जिवंत माणूस घेतला, फ्रान्सचा नट जाँ रेनो, तर गोष्टच पॅरिसला नेऊन ठेवली. राक्षसांची नावं तर विचारूच नका: गिल्डेनस्टर्न, ऑस्रिक, मार्सेलस, फोर्टिनब्रास. सगळे हॅम्लेटमधून उचललेले. गेममधला खलनायक, जपानी सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी डेन्मार्कची अर्धी नाटक कंपनी कशी लागली, हे कॅपकॉमच जाणे. नोबुनागा तरी काय, इतिहासात १५६० ची ओकेहाझामाची लढाई जिंकतो. गेममध्ये तिथेच घशात बाण लागून मरतो आणि राक्षस त्याला उठवून पुन्हा कामाला लावतात.

"मग त्या मेलेल्या हिरोचे पैसे कुणाला देतात?" त्याने विचारलं.

"वारसांना देत असतील."

"बघा. आणि आमचा जिवंतपणी पीएफ निघत नाही."

यावर काय बोलणार? मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्याला दिवसाला दहा-बारा कॉल टाकतात, पेट्रोल खिशातलं, आणि 'दहा ते सहा' ही वेळ त्यालाही मेसेजवरच कळते. म्हणजे मी ज्याच्यावर चिडून सकाळपासून बसलो होतो, तोही त्याच नजरकैदेत होता, फक्त हेल्मेट घालून. ज्याने ती वेळ ठरवली तो कुठल्या तरी काचेच्या इमारतीत असणार आणि त्याच्या घरी बाटलीबंद पाणी येत असणार. गेमवाले तरी वेगळे कुठे आहेत? पंचवीस वर्षांपूर्वी मी ही तबकडी विकत घेतली होती. तीच गोष्ट पुन्हा पैसे देऊन घेतली, आणि यावेळी हातात तबकडीही नाही. दुकान उघडं आहे तोवर खेळायची परवानगी आहे. आता नव्या भागाचेही देणार. माहीत असून देणार.

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तो लगबगीने आत गेला, पाण्यात मीटर बुडवून आकडा दाखवला, "मेम्ब्रेन पण बदलावं लागलं सर, गेलं होतं." मेम्ब्रेन नेहमीच गेलेलं असतं. एएमसीत सगळं येतं, फक्त जे बदलावं लागतं ते सोडून. एरवी मी जुनं मेम्ब्रेन दाखवा म्हटलं असतं, पण त्याच क्षणी मार्सेलस समोर आला, चिलखतातला अवाढव्य धिप्पाड राक्षस, आणि मी एका हाताने सही केली. मग त्याने माझ्याच फोनवर रेटिंगचं पान उघडून दिलं. "पाच द्या सर. चार दिले तरी कापतात." पाच दिले. तो उभा होता ना समोर.

दारात बूट घालता घालता त्याने टीव्हीकडे पाहिलं. मी मेलो होतो.

"पाय सोडून मारा, सर, त्याच्या मागं जाऊन," असं म्हणून तो जिना उतरला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज: 'सर मार्सेलस झाला का'. खाली अंगठा. मी निळ्या टिका बंद करून टाकल्या.

आता अडचण अशी आहे की प्युरिफायरच्या मागचा नट त्याने घाईत नीट आवळलेला नाही. थेंब थेंब गळतंय. बायको रोज विचारते, तक्रार का नोंदवत नाहीस? तक्रार नोंदवली की कंपनी त्यालाच पाठवणार, आणि तो आला की आधी टीव्हीकडे बघणार. तूर्त ओट्यावर पातेलं लावलंय. मार्सेलस मेला की लगेच फोन करतो.