स्टेन्काचं गाणं पार्टीसाठी नाही

आज सकाळी एका रीलने डोकं फिरवलं. समुद्रकिनारी पार्टी, हातात ग्लास, आणि मागे धडधडत्या बीटवर ‘ओय, तो ने वेचेर’ हे रशियन लोकगीत. वर मथळा, ‘रशियन मूड’. खाली आपल्याच ओळखीतल्या एकाची कमेंट: चाल भारी आहे, शब्द कळले नाहीत तरी काय फरक पडतो?

पडतो. खूप पडतो.

ते एका माणसाला लागलेल्या मरणाच्या चाहुलीचं गाणं आहे. स्तेपान राझिन, दक्षिण रशियातल्या लढवय्या कोसॅकांचा बंडखोर पुढारी, लोकांचा स्टेन्का. त्याला स्वप्न पडतं. काळा घोडा उधळून नाचतोय, पूर्वेकडून वाईट वारा सुटतो आणि डोक्यावरची काळी टोपी उडवून नेतो. सोबतचा सरदार अर्थ सांगतो: तुझं डोकं जाणार. आणि गेलंच. १६७१ साली मॉस्कोत भर चौकात त्याचे तुकडे केले.

मी व्होल्गोग्रादला मेडिकलला होते. हॉस्टेलच्या दारावर रात्रपाळीला एक आजी असायच्या, आम्ही सगळ्या त्यांना बाबुश्काच म्हणायचो. बटाटे सोलता सोलता त्या हे गाणं गुणगुणायच्या. टोपीची ओळ आली की सुरी थांबायची आणि हात आपसूक स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाकडे जायचा. मी एकदा विचारलं, हा कोण? म्हणाल्या, "अगं, तो इथंच आला होता." जणू गेल्या वर्षीची गोष्ट.

खरंच आला होता. १६७० मध्ये त्याने हे गाव घेतलं, तेव्हा नाव त्सारित्सिन. झार अलेक्सेईच्या १६४९ च्या कायद्याने कुळं जमिनीला कायमची बांधली गेली होती, ती त्याच्या मागे उठली. याच झारने १६४८ मध्ये गावोगाव फिरणाऱ्या गायक-सोंगाड्यांवर बंदी घालून त्यांची वाद्यं मोडायला लावली होती. त्या झारची गाणी आज कोण म्हणतं? स्टेन्काची म्हणतात. पेलागेया ही रशियन गायिका गिटार-ड्रम घेऊन हेच गाणं म्हणते आणि अंगावर काटा येतो, कारण ती शब्द गिळत नाही.

हो, स्टेन्का साधू नव्हता. लूटमार केली, रक्त सांडलं. आणि त्याने राजकन्येला व्होल्गेत फेकल्याचं ते प्रसिद्ध गाणं १८८३ मध्ये सादोव्हनिकोव्ह नावाच्या कवीने लिहिलं, हेही मान्य. पण लोकांनी ते आपलं केलं, मग ते लोकांचंच. रीमिक्समुळे पोरं ऐकतात म्हणाल, तर ऐकू देत. निदान कोणाचं डोकं गेलं एवढं तरी त्यांना सांगा!

गायक पीट सीगरचं बघा. रशियन लेखक शोलोखोव्हच्या डॉन नदीवरच्या कादंबरीत एक कोसॅक अंगाई आहे: मुली कुठे गेल्या, लग्न होऊन गेल्या, कोसॅक कुठे गेले, लढाईला गेले. त्या ओळींवरून १९५५ मध्ये या अमेरिकन माणसाने फुलं कुठे गेली हे विचारणारं गाणं केलं आणि ते जगभरच्या युद्धविरोधी मोर्च्यांत गेलं. त्याने त्यातलं दुःख काढून टाकलं नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. बाबुश्काच आठवतायत. मी घरची ओढ लागून रडत बसले की त्या काही विचारायच्या नाहीत, चहा पुढे करायच्या आणि तेच गाणं सुरू करायच्या. मला तेव्हा निम्मे शब्दही कळत नव्हते. पण त्या ते मला समजावत बसायच्या, ओळ ओळ करून. कळल्यावाचून ऐकू नकोस, असा त्यांचा हट्टच होता.

तेच व्होल्गोग्राद, आधीचं त्सारित्सिन, १९२५ मध्ये स्टॅलिनग्राड झालं. तिथली लढाई ताजी असतानाच इकडे मुंबईत अण्णा भाऊ साठ्यांनी तिच्यावर पोवाडा रचला. वाटेगावच्या माणसाने! तोवर रशिया पाहिलेलाही नव्हता, गेले ते १९६१ मध्ये. व्होल्गेकाठच्या मरणाचं आपल्या शाहिराला कळलं, आणि आपल्याला म्हणे मूड हवा.

मित्रयादीत शाहीर मंडळी आहेत म्हणून विचारते. स्टॅलिनग्राडचा पोवाडा डफ-तुणतुण्यावर अख्खा म्हणणारं कोणी माहीत असेल तर खाली लिहा. मी येईन ऐकायला, कुठेही असो.