सापाच्या पोटातला ट्रान्समीटर काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही

विषारी सापांच्या शरीरात बसवल्या जाणाऱ्या ट्रान्समीटरविषयी एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा: शास्त्रज्ञ सापांच्या अंगात उपग्रहाशी जोडलेली चिप बसवून त्यांच्यावर क्षणोक्षणी नजर ठेवतात, या चिपचा सापाला काहीही त्रास होत नाही, हीच चिप सर्व विषारी सापांना बसवली, तर साप घराजवळ येताच फोनवर इशारा मिळेल, आणि वस्तीत पकडलेले साप चिपसह दूरच्या जंगलात सोडले, की सर्पदंशाने होणारे मृत्यू थांबतील. जगभरात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्या मोठ्या दुःखावर सोपा उपाय सापडल्याचे कोणी सांगितले, तर लोकांचा त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या संदेशातील प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.

पहिला दावा उपग्रहाचा आहे. सापांच्या अभ्यासात आजही मुख्यतः वापरला जातो तो साधा रेडिओ ट्रान्समीटर. तो बहुधा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर ठरावीक अंतराने ‘टिक्’ असा स्पंद सोडतो, आणि हा स्पंद पकडण्यासाठी संशोधकाला हातात अँटेना व रिसीव्हर घेऊन रानात पायी फिरावे लागते. आवाज ज्या दिशेने मोठा येतो, त्या दिशेने चालत जायचे, साप जिथे असेल ती जागा गाठायची आणि नोंद करायची, असे हे काम आहे. मोकळ्या जागी हा आवाज काहीशे मीटरवरून ऐकू येतो. साप खडकाच्या फटीत, वारुळात किंवा खोल बिळात शिरला, की हे अंतर पुष्कळच घटते. बहुतेक अभ्यासांत एका सापाची जागा दिवसातून एकदा किंवा काही वेळा नोंदवली जाते, आणि दोन नोंदींच्या मध्ये साप कुठे गेला याचा केवळ अंदाज करावा लागतो. ‘क्षणोक्षणी’ हा शब्द येथे बसत नाही.

मग जीपीएस का वापरत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. सापाच्या शरीरातून, त्यावरच्या मातीतून किंवा दगडाखालून तो यंत्रापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय जीपीएस यंत्र फक्त आपली जागा ओळखते. ती जागा दुसऱ्या कोणाला कळवण्यासाठी वेगळा ट्रान्समीटर आणि अधिक वीज, म्हणजेच अधिक जड बॅटरी लागते. वाघाच्या किंवा हत्तीच्या गळ्यात असा पट्टा बांधता येतो, पण सापाला खांदे नसल्याने कोणताही पट्टा घसरून जातो, आणि कातडीवर चिकटवलेले यंत्र कात टाकताना निघून येते. फ्लोरिडातील बर्मी अजगरांच्या शरीरात जीपीएस बसवण्याचे प्रयोग झाले आहेत, परंतु तो प्राणी प्रचंड असूनही यंत्राला जागा ओळखता येण्याचे प्रमाण कमीच राहिले. फुरशासारख्या लहान सापाची गोष्ट तर दूरच.

‘सापाला काहीही त्रास होत नाही’ हा दुसरा दावा संशोधकांच्या बाजूने केलेला दिसतो, पण तोही मला मान्य नाही. सुरुवातीच्या काळात ट्रान्समीटर सापाच्या तोंडातून जठरात सरकवला जात असे. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये हेन्री फिच या सर्पसंशोधकांनी केलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धत होती. पुढे लक्षात आले, की पोट भरलेला साप भक्ष्य पचवण्यासाठी अधिक उष्ण जागा शोधतो, आणि पोटातला ट्रान्समीटर त्याला तसेच वागायला लावू शकतो. ज्या वर्तनाचा अभ्यास करायचा, तेच यंत्रामुळे बदलत असेल, तर त्या नोंदींचा उपयोग काय? १९८२ मध्ये हॉवर्ड रायनर्ट आणि डेव्हिड कंडल यांनी शस्त्रक्रियेची सुधारित पद्धत मांडली, आणि तिच्यावर आधारलेल्या पद्धतीच आज रूढ आहेत. सापाला पारदर्शक नळीत घेऊन वायुरूप भूल दिली जाते, कुशीला लहान छेद देऊन ट्रान्समीटर शरीराच्या पोकळीत ठेवला जातो आणि त्याची बारीक तार कातडीखालून सरकवली जाते. यंत्राचे वजन सापाच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी, शक्यतो त्याहूनही बरेच कमी ठेवण्याचा दंडक आहे. एवढी काळजी घेऊनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. उत्तर अमेरिकेतील रॅट स्नेकच्या एका दीर्घ अभ्यासात ट्रान्समीटर असलेल्या सापांच्या वाढीवर विपरीत परिणाम झाल्याची चिन्हे दिसली होती. बॅटरी संपण्यापूर्वी साप पुन्हा पकडून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, हेही विसरू नये. ही किंमत मोजण्याजोगे ज्ञान मिळत असेल, तेव्हाच शस्त्रक्रिया समर्थनीय ठरते. केवळ कुतूहलापोटी किंवा प्रसिद्धीसाठी ती करू नये.

तिसरा दावा, म्हणजे सर्व सापांना यंत्र बसवून फोनवर इशारा मिळवणे, येथवर आलेल्या वाचकाला आपोआपच अशक्य वाटू लागला असेल. घोणस एका वेळी वीस-चाळीस पिल्ले देते, ती जन्मतःच विषारी असतात, आणि त्यांना पेलेल असा दीर्घकाळ चालणारा ट्रान्समीटर अस्तित्वात नाही. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा उपाय स्वस्त आहे, आणि नेपाळच्या तराईतील अभ्यासाने त्याचा लाभ दाखवून दिला आहे.

चौथा दावा, म्हणजे पकडलेले साप दूरच्या जंगलात सोडणे, मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अमलात आणणे सहज शक्य आहे आणि अनेक ठिकाणी आणलाही जातो. विशेष म्हणजे, तो चुकीचा असल्याचे ज्याने दाखवले, ते साधन हाच ट्रान्समीटर आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापांवर रायनर्ट आणि रूपर्ट यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूळच्या जागी राहिलेल्या सापांपैकी सुमारे ११ टक्के मेले, तर दुसरीकडून आणून सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. आणून सोडलेले साप अनोळखी प्रदेशात कितीतरी जास्त भटकत राहिले. सापाला आपल्या परिसरातील लपण्याच्या, ऊन खाण्याच्या आणि हिवाळा काढण्याच्या जागा ठाऊक असतात. त्या एकदम हिरावल्या गेल्या, की तो उघड्यावर फिरतो, शत्रूच्या किंवा वाहनाच्या तावडीत सापडतो आणि एखाद्या वेगळ्याच वस्तीतही शिरतो. हाँगकाँगमध्ये पांढऱ्या ओठांच्या हिरव्या चापड्या या विषारी सापांवर झालेल्या अभ्यासातूनही दूर नेऊन सोडण्याविरुद्धच कौल मिळाला. जंगलात सोडलेला साप पुन्हा कोणाला दिसत नाही, म्हणून तो सुखरूप आहे असे आपण मानत आलो. ट्रान्समीटरने पाठपुरावा केल्यावर हा समज टिकला नाही.

याच साधनाने दुसरीही उपयुक्त माहिती दिली आहे. थायलंडमधील साकेरात परिसरात नागराजांचा (किंग कोब्रांचा) माग काढताना असे आढळले, की शेतीच्या प्रदेशात ते कालव्यांच्या काठी उरलेल्या झाडोऱ्याचा आधार घेतात. अशी माहिती मिळाली, की कोणत्या पट्ट्यात काम करताना पायांत उंच बूट हवेत आणि कोठला झाडोरा राखला तर साप शेताच्या मध्यभागी येण्याचे टळू शकेल, याचा विचार करता येतो.

वस्तीत सापडलेला साप कुठे सोडावा, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही. जवळच सोडलेला साप जगण्याची शक्यता जास्त असते, पण तो पुष्कळदा पकडलेल्या जागी परत येतो, आणि ज्या घरात मूल रांगते आहे त्या घराला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. म्हणून साप उचलून नेण्याबरोबर त्याच दिवशी घराभोवतीची बिळे बुजवणे, लाकडांचे आणि विटांचे ढीग हलवणे व उंदरांचा बंदोबस्त करणे ही कामे झाली पाहिजेत. साप पकडायला येणाऱ्यांनी ती घरच्यांना सांगणे आपल्या कामाचाच भाग मानावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.